सत्तावीस अंश

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे झरी हे गाव आहे. गावाच्या नावात झरा असला तरी उन्हाळा चढला की बायका-पोरे घागरी घेऊन टँकरची वाट पाहतात. चोहीकडे काळी जमीन. कापूस, सोयाबीन आणि तूर. मुंबईचा समुद्र म्हणजे परभणी स्टेशनवरून देवगिरी एक्स्प्रेसने एका रात्रीचे अंतर. आमच्या मोहल्ल्यात अशी पुष्कळ माणसे आहेत, ज्यांनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही.

अशा गावात आमच्या घरी खाऱ्या पाण्याचा एक काचेचा हौद आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दगड आणि वाळू वगळली तर त्यात साधारण दोनशे लिटर पाणी मावते. त्या पाण्यात मऊ जातीची पोवळी आहेत आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आहेत. २००३ च्या त्या प्रसिद्ध चित्रपटापासून जगभरची मुले या माशाला 'निमो' म्हणतात, आमच्या गल्लीतली मुलेही तेच म्हणतात. पाहायला येणारा प्रत्येक जण दोन प्रश्न विचारतो. पहिला, "हे पाणी खारे कसे केले?" त्याचे उत्तर सोपे आहे. त्यासाठी तयार मीठ मिळते, ते गोड्या पाण्यात मापाने विरघळवायचे. दुसरा प्रश्न असा, "आपल्याकडच्या उन्हात हे जगते कसे?" त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ते शोधण्यात आमच्या घराची तीन वर्षे गेली. म्हणून हा लेख.

परभणीचे हवामान वाचकांना माहीत असेलच. इथल्या कृषी विद्यापीठात रोजच्या तापमानाची नोंद होते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा येतो. एप्रिल-मे महिन्यांत तो ४३-४४ च्या घरात असतो, काही वर्षी त्याच्याही वर जातो. आणि हाच जिल्हा डिसेंबर २०१८ च्या अखेरीस दोन-तीन अंशांपर्यंत गारठला होता. एकाच खोलीत, एकाच वर्षात चाळीस अंशांचे अंतर! माणूस चादर घेतो, चादर टाकतो, अंगणात खाट काढतो. पोवळ्याला यातले काहीच करता येत नाही. ते जिथे चिकटले तिथेच त्याचे सारे आयुष्य.

हौदाची हौस आमच्या धाकट्या भावाची. तो बारा वर्षे जेद्दाहला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. सौदीत २०१७ पासून परदेशी कामगारांच्या कुटुंबांवर महिन्याचा कर बसू लागला. खर्चाचा मेळ बसेना, तेव्हा तो बायको-मुलांना घेऊन परत आला. येताना लोक सोने आणतात, कंबल आणतात. त्याने आणल्या त्या जुम्म्याच्या सुटीत लाल समुद्राच्या काठाने डोळ्यांना काच लावून पाहिलेल्या गोष्टी. सांगायला लागला की थांबायचा नाही. पाण्याखाली जांभळी झाडे आहेत, पण ती झाडे नाहीत, जनावरे आहेत. दगड आहेत, पण तेही जिवंत आहेत. अम्मी ऐकत राहायची. एके दिवशी ती म्हणाली, "मर्जान बोलते सो वोईच क्या?"

मर्जान हा शब्द अम्मीला लहानपणापासून पाठ. सूरए-रहमानमध्ये मोत्यांच्या जोडीला तो येतो आणि आमच्या घरात त्याचा अर्थ पोवळे असाच सांगितला गेला. आजीच्या अंगठीत लाल खडा होता, त्यालाही घरात मर्जानच म्हणत. साठ वर्षे ती हा शब्द रोज उच्चारत होती. पण ती वस्तू श्वास घेते, खाते, वाढते, आजारी पडते, हे तिला धाकट्याकडून कळले. त्याच आठवड्यात हौद करायचे ठरले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण पाहायला येणाऱ्या पोरांना लगेच मोह होतो. खडक बांधणारे दगडी पोवळे हे २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला जे संरक्षण, तेच त्याला. समुद्रपंखा आणि काळे पोवळेही त्याच यादीत. किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे. आमच्या हौदात ही जात नाही. मशरूमसारखी दिसणारी आणि चामड्यासारख्या अंगाची, पाळीव तुकड्यांपासून वाढवलेली मऊ पोवळी तेवढी आहेत. खडक म्हणून जे दिसते ते सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्यापासून घरी ओतलेले, आणि कित्येक महिने पाण्यात मुरवलेले आहे. मासेही समुद्रातून पकडलेले नाहीत. केंद्र सरकारच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाची पैदास करण्याची पद्धत बसवून दिली. तेव्हापासून घरात जन्मलेले मासे मिळू लागले. आमची जोडी मुंबईहून थर्माकोलच्या पेटीत, रात्रीच्या गाडीने परभणीला उतरली.

पाणी आले, मीठ आले, दिवा आला. मग प्रश्न आला तापमानाचा. भावाने जमवलेल्या सगळ्या पुस्तकांत एकच सल्ला होता, चोवीस ते सव्वीस अंश. पुस्तके थंड देशांत लिहिलेली. तिथे घर वीस अंशांवर असते आणि पाणी तापवून वर न्यावे लागते. आमच्याकडे पाणी आपोआप वर जाते आणि त्याला ओढून खाली आणावे लागते. त्यांची अडचण काडी पेटवण्याची, आमची आग विझवण्याची. तेव्हा त्यांचा आकडा जसाच्या तसा घ्यावा काय, असा आमच्या घरात वाद सुरू झाला.

त्या आकड्यामागचे कारण आधी समजून घ्यायला हवे. पोवळ्याचा रंग त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे शैवाल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. घरमालक त्याला आसरा देतो. पाणी फार तापले की शैवालाचे काम बिघडते, त्यातून विषारी द्रव्ये तयार होऊ लागतात आणि पोवळे आपल्या भाडेकरूला बाहेर काढते. मग ते पांढरे पडते. पांढरे पडलेले पोवळे लगेच मरत नाही, ते उपाशी असते. पाणी लवकर निवले तर भाडेकरू परत येतो, उशीर झाला तर घर रिकामेच राहते. नवल असे की ही वेळ यायला दहा अंश लागत नाहीत. त्या जागेच्या नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्यापेक्षा एखादा अंश जास्त आणि तो काही आठवडे टिकला, एवढे पुरते. माणसाच्या अंगाचे पाहा ना! सदतीसचे अडतीस झाले की आपण कपाळावर हात ठेवतो.

दुसरे कारण प्राणवायूचे. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो; आणि जीव जितका गरम, तितका त्याला प्राणवायू जास्त लागतो. उत्पन्न कमी आणि खर्च जास्त, हे गणित शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगावे लागत नाही.

पण मग धाकटा म्हणाला, "भाईजान, जेद्दाहला भर उन्हाळ्यात समुद्राचे पाणी एकतीस-बत्तीस असते. मी त्या पाण्यात उतरलोय. तिथली पोवळी तर जिवंत आहेत!" त्याचे म्हणणे खरे होते. त्याहून पलीकडे, इराण आणि अरबस्तानच्या मधल्या आखातात पाणी उन्हाळ्यात चौतीस-पस्तीसला जाते, हिवाळ्यात पंधरा-सोळापर्यंत उतरते, आणि तिथेही पोवळी आहेत. हजारो वर्षे त्या पाण्यात राहून त्यांच्या पिढ्यांनी ते अंगवळणी पाडले आहे. तेच बत्तीस अंशांचे पाणी दुसऱ्या समुद्रातल्या त्याच जातीच्या पोवळ्याला दिले तर ते टिकणार नाही. सर्वांसाठी मिळून एकच योग्य तापमान असे काही नसते. कोण कुठून आले आणि त्याला कशाची सवय आहे, ते पाहावे लागते. आमची पोवळी पिढ्यान्‌पिढ्या दुकानांच्या आणि घरांच्या हौदांत वाढलेली. त्यांना आखाताचा पराक्रम येत नव्हता.

आता खाली आणायचे कसे? पहिला उपाय जागेचा. आमच्या घराला दोन भाग आहेत. पुढे नवीन सिमेंटच्या छताच्या खोल्या, मागे आजोबांच्या काळचे माळवद. नवीन खोलीत मे महिन्यात दुपारी चाळीसच्या आसपास पारा असतो आणि रात्री छत उष्णता ओतत राहते. माळवदाच्या हात-हातभर जाड मातीच्या भिंतींत तोच पारा चौतीसच्या वर फारसा जात नाही. अब्बा कित्येक वर्षे माळवद पाडून तिथेही छत टाकायचे म्हणत होते. हौदाचे वजन साडेतीनशे किलोच्या आसपास भरणार होते, म्हणून आम्ही मागच्या खोलीची जमीन ठोकून घट्ट केली, शहाबादी फरशी टाकली आणि लोखंडी घोडी उभी केली. माळवद वाचले.

दुसरा उपाय पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा. त्याला चिलर म्हणतात. आत फ्रीजसारखाच कॉम्प्रेसर असतो. घरातला कमावता हात एसीवाला असताना ते आणायला काहीच हरकत नव्हती. पण नको म्हणाला तोच. "थंडी नावाची चीज नसतेच," तो म्हणाला. "आपण फक्त उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवतो. हौदातली उष्णता हे यंत्र खोलीत फेकणार. त्या खोलीत अम्मी झोपते." अम्मीला दमा आहे. उन्हाळ्यातली कोंदट खोली तिला सोसत नाही. मासे गार आणि आई घामाघूम, हा सौदा कुणालाच पटला नाही.

तिसरा उपाय आमच्या घरात पूर्वीपासूनच होता, फक्त त्याच्याकडे त्या नजरेने कुणी पाहिले नव्हते. माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो, पाझरलेले पाणी उडते आणि उडताना माठातली उष्णता घेऊन जाते. वाळ्याचा पडदा, कुलर, सुरईवर गुंडाळलेला ओला कपडा, सगळ्यांचे शास्त्र एकच. धाकट्याने संगणकातले दोन लहान पंखे हौदाच्या तोंडावर तिरपे बसवले. वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाऊ लागला. त्या मे महिन्यात खोली चौतीसवर असताना पाणी पंचवीसवर उतरले. यात आमची हुशारी थोडी आणि मराठवाड्याच्या कोरड्या हवेची कृपा मोठी. मुंबईच्या दमट हवेत असा पंखा दोन-तीन अंशांतच थकतो. ज्या हवेने ओठ फुटतात आणि जमिनीला भेगा पडतात, तीच हवा इथे कामाला आली.

अम्मी मात्र हसत होती. "इत्ते बड़े दरया में से इत्तासा लाए, और उसकू बी पंखा लगाना पड़ता?"

पण पंखा फुकट नव्हता. एक लिटर पाणी उडाले की दोनशे लिटरचे तापमान सुमारे तीन अंशांनी उतरते. हिशेब चांगला, पण ते लिटर परत भरावे लागते. उडते ते निव्वळ पाणी, मीठ मागे राहते. सहा लिटर उडाले आणि भरले नाही, तर पस्तीसचा खारेपणा छत्तीसवर जातो, आणि असे आठवडाभर चालले तर काय होईल ते सांगायला नको. भरायचे पाणी गोडे हवे, आणि बोअरचे चालत नाही. त्यातल्या क्षारांमुळे हिरवे शेवाळ माजते. म्हणून आरओचे. आमचे आरओ यंत्र एक लिटर चांगले पाणी देताना तीन लिटर टाकून देते. वहीत आम्ही रोजची नोंद ठेवत होतो. पंचवीस अंश टिकवायला मे महिन्यात दिवसाला सात लिटर पाणी लागत होते. म्हणजे बोअरमधून अठ्ठावीस लिटर. टाकाऊ एकवीस लिटर भांडी घासायला आणि पेरूच्या झाडाला जात, वाया जात नसत. तरीही ते काढावे तर लागतच.

शेजारच्या मावशी एका दुपारी दळण घेऊन जाताना आत डोकावल्या. हौदापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग अम्मीला म्हणाल्या, "भाभी, छान हाय बगा. पर दिवसाला किती पाणी पेतो हो तुमचा समुद्र?"

बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांच्या घरी बोअर नाही. त्या आठवड्यात टँकर तीन दिवसांनी आला होता. अम्मीने आकडा सांगितला. मावशी "हं" म्हणाल्या आणि निघून गेल्या. रात्री जेवताना घरात कुणी फारसे बोलले नाही. मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ही गोष्ट अजून कुणी विसरलेले नाही. आमच्या घरात वुजूच्या लोट्यातले उरलेले पाणी तुळशीसारखे जपून मेंदीच्या झाडाला घालणारी अम्मी आहे. तिच्याच उशाशी हा हौद दिवसाला दोन घागरी पीत होता.

तेव्हापासून तापमानाचा प्रश्न आमच्यासाठी बदलला. पोवळ्याला किती थंड आवडेल, असे आम्ही आतापर्यंत विचारत होतो. आता विचारू लागलो, त्याला किती उष्ण सहज चालेल? पुस्तकातला चोवीस-पंचवीस हा आकडा ज्यांना थंडी स्वस्त पडते त्यांचा. निसर्गात, विषुववृत्ताजवळच्या बहुतेक पोवळ्यांच्या खडकांवर वर्षाचे सरासरी तापमान सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास असते. म्हणजे सत्तावीस हे संकट नव्हे, तो पोवळ्याचा नेहमीचा दिवस आहे.

पावसाळ्याने आणखी एक गोष्ट शिकवली. आम्हाला वाटायचे, मे हा सर्वांत अवघड महिना. तसे नव्हते. मे महिन्यात पंखा जीव तोडून काम करतो. खरी परीक्षा मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर सुरू होते. घराघरातले कुलर ज्या दिवशी चिकट वारा फेकू लागतात, त्या दिवशी आमचा पंखाही निकामी होतो. हवेत ओल असली की पाणी उडत नाही. बाहेर उन्हाचा पारा दहा अंशांनी उतरलेला असतो, लोक सुटकेचा श्वास टाकतात, आणि हौद मात्र आठवडाभरात एकोणतीसवर चढतो. मे महिन्यात पंचवीसवर ठेवलेल्या पोवळ्याला जूनमध्ये चार अंशांची चढण एकदम चढावी लागते. तेच सत्तावीसवर ठेवले, तर दोनच अंशांची. वर्षभर जे सांभाळता येते ते तापमान बरे. दोन महिने आदर्श आणि मग एकदम उडी, हे बरे नव्हे. विरजण लावणाऱ्या कुठल्याही बाईला हे कळते. दूध रोज थोडे कोमट चालते, पण आज कढत आणि उद्या गार असे चालत नाही.

म्हणून सत्तावीस ठरले. एका दिवसात नव्हे. आठवड्याला अर्धा अंश, असे महिनाभर चढवत नेले. पोवळी मिटली नाहीत. वहीतला पाण्याचा आकडा सातवरून पाचवर आला. बोअरमधून अठ्ठावीसऐवजी वीस. वाचलेले आठ लिटर म्हणजे अर्धी घागर. फार नाही, पण अर्धी घागर म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत कुणाला विचारा.

त्यासोबत दोन गोष्टी ठरल्या. हौद याहून मोठा करायचा नाही. आणि पहिल्या पावसात माळवदाचे पाणी धरायचे. पत्र्याच्या पन्हाळीतून गाळून दोन टाक्या भरल्या. ते पाणी आरओतून गाळले की टाकाऊ फारच थोडे निघते, कारण त्यात क्षार नसतातच.

हिवाळ्यासाठी काचेच्या नळीतला हीटर आहे. डिसेंबरच्या रात्री माळवद पंधरा अंशांपर्यंत गार होते, तेव्हा तो सत्तावीसपर्यंत नेत नाही. पंचवीसवर सोडतो. समुद्रालाही ऋतू असतातच. हीटर एक मोठा न घेता दोन लहान घेतले. एखादा चालूच राहून अडकला, तर पाण्याची खीर होऊ नये. आणि एखादा बंद पडला, तर दुसरा काम धकवतो. थर्मामीटरही एक नाही, तीन आहेत. तिघांनी तीन आकडे दाखवले, तेव्हा धाकट्याने बर्फ कुटून त्यात थोडे पाणी घालून तिघांना त्यात उभे केले. ज्याने शून्य दाखवले त्याच्यावर खूण केली. बाकीच्यांचे खोट वहीत लिहून ठेवले. दोन अंश खोटे बोलणारा थर्मामीटर नसला तरी चालेल, असे त्याचे मत.

आता त्या रात्रीची गोष्ट. मे महिन्याच्या अखेरीस अवकाळी वादळ आले. बाभळी उन्मळल्या, तारा तुटल्या, संध्याकाळी सहाला वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आली. एकोणीस तास. घरात एक इन्व्हर्टर आहे. त्याच्यावर अम्मीच्या खोलीतला छताचा पंखा, एक दिवा आणि वाफाऱ्याचे यंत्र चालते. हौदाला त्याच्यावर जागा नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले. रात्री अम्मीचा श्वास लागला. वाफारा द्यावा लागला, एकदा नव्हे, दोनदा. इन्व्हर्टरची सुई खाली येत गेली.

हौदाचे पंप थांबले होते. अशा वेळी आधी हवा, मग थंडी. तापलेल्या पाण्याने पोवळे मरायला दिवस लागतात, प्राणवायू संपला तर मासा मरायला काही तास पुरतात. आणि रात्री तर शैवालही प्राणवायू देत नाही, उलट घेते. मोटारसायकलच्या बॅटरीवर हवेचा एक लहान पंप लावला. ती बॅटरी दोन वाजता उतरली. मग धाकटा मगाने पाणी भरून हातभर उंचीवरून परत हौदात ओतू लागला. त्याची मुले बाजूला बसून वेताच्या पंख्याने पाण्यावर वारा घालू लागली. पाणी अठ्ठावीस झाले, साडेअठ्ठावीस झाले. पहाटे मुले पेंगू लागली, तेव्हा मावशी कंदील घेऊन अम्मीची विचारपूस करायला आल्या. अम्मीच्या पाठीवर हात फिरवून झाल्यावर त्या हौदापाशी बसल्या, मुलाच्या हातातला पंखा घेतला आणि वारा घालू लागल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मासा बी लेकरूच की." वीज आली तेव्हा पाणी साडेएकोणतीसवर होते. त्यानंतर तीन दिवस आम्ही ते हळूहळू खाली आणले. एका मऊ पोवळ्याचा काठ फिका पडला आणि दीड महिन्याने त्याला परत रंग आला. अम्मीही बरी झाली. पंचवीसवरून सुरुवात केली असती, तर कदाचित रात्र सोपी गेली असती; पण अर्धी घागर वाचली नसती. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि आम्ही सत्तावीसवरच राहिलो.

त्या हिवाळ्यात आम्ही अम्मीला मालवणला नेले. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला खडकांवर पोवळी आहेत आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. पावसाळ्यात नद्यांचे गढूळ गोडे पाणी अंगावर घेऊनही ती जगतात. अम्मी किनाऱ्यावर वाळूत बसली. पाण्यात हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाली, "अपने घरके पानी सरीकाच है."

पण समुद्राचे पाणी आता तसे राहत नाही. १९९८ मध्ये जगभरची पोवळी एकाच वर्षी पांढरी पडली, आपल्या लक्षद्वीपमधलीही. २०१० मध्ये आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपला पुन्हा तोच फटका बसला. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले की जगभर एकाच वेळी पोवळी पांढरी पडण्याची ही चौथी खेप आहे, आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपमधून पुन्हा तीच बातमी आली. कारण तेच, नेहमीच्या उष्ण महिन्यापेक्षा एखाद-दुसरा अंश जास्त, आणि तो उतरायला तयार नाही. पूर्वी दोन खेपांच्या मध्ये पोवळ्याला सावरायला वर्षे मिळत, आता मिळत नाहीत.

झरीत बसून ही बातमी वाचताना ती परकी वाटत नाही. एक अंशाला किती पाणी लागते, किती वीज लागते, किती हात लागतात, हे आमच्या घरातल्या लहान मुलालाही आता ठाऊक आहे. गल्लीतली शाळकरी मुले येतात, खूण केलेला थर्मामीटर वाचतात आणि वहीत आकडा लिहितात. तारीख, खोली, पाणी, भरलेले लिटर. यंदाच्या मृगापर्यंतची पाने भरली आहेत. टाकीत पावसाचे पाणी अजून दोन बोटे आहे.